खांद्याच्या ऑपरेशननंतर फिजिओ: घरी की क्लिनिकमध्ये?

मुलगा सतरा वर्षांचा, कबड्डीतला चढाईपटू. खांदा दोनदा निखळला, मग दुर्बिणीतून बँकार्ट रिपेअर झालं, म्हणजे फाटलेली कूर्चेची कड हाडाला परत शिवली. पुढचा प्रश्न फिजिओथेरपीचा. आम्ही नाशिकच्या सिडकोत, क्लिनिक गंगापूर रोडला.

पहिले चार-सहा आठवडे हात स्लिंगमध्येच. या काळात घरी येणारे फिजिओच बरे, असं माझं स्पष्ट मत. स्कूटरवर मागे बसून एकेक गतिरोधक पार करताना पोराचा चेहरा बघवत नाही. (रिक्षानेही फारसा फरक पडत नाही.) शिवाय घरच्या अडचणी त्यांना दिसतात. आमच्याकडे आल्यावर त्यांनी आधी त्याचे टी-शर्ट बाजूला ठेवायला लावले आणि पुढून बटणांचा शर्ट मागितला: दुखरा हात बाहीत आधी, काढताना शेवटी. झोपताना कोपराखाली उशी. हे आईला आधी कुणी सांगितलंच नव्हतं!

स्लिंग सुटली की मात्र क्लिनिक. घरी एक रबर बँड आणि दाराला टांगलेली कप्पी, त्यावर किती दिवस निघणार? तिथे केबल मशीन असतं, दोन्ही खांद्यांची ताकद मोजून तुलना होते. आणि शेजारी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एखादी खेळाडू घाम गाळत असते. ती बघून आमचे चिरंजीव कुरकुर विसरतात.

खर्च? घरची फी जास्त, पण जाण्यायेण्याचा वेळ धरला तर फार फरक नाही.

मॅटवर उतरायला साधारण सहा महिने तरी लागतात. तो तिसऱ्या महिन्यातच शूज शोधत होता. मी ते माळ्यावर टाकलेत.