सरकारी मेथाडोन केंद्र: औषध चोख, वेळ अडचणीची

गर्द ओढणाऱ्याला किंवा इंजेक्शन टोचणाऱ्याला मेथाडोन, म्हणजे नशेच्या जागी रोज मोजून दिलं जाणारं अफूवर्गीय औषध, सुरू करायचं असेल, तर केमिस्टकडे चिठ्ठी नेऊन उपयोग नाही. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याखाली हे औषध मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळतं. भारतात ते 2012 मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आलं, तेव्हा निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत मुंबईचं केईएम रुग्णालयही होतं. बहुतेक सरकारी ओएसटी केंद्रांत (नशेऐवजी असं पर्यायी औषध देणाऱ्या केंद्रांत) मात्र ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या औषधाची गोळी देतात. म्हणून खेटे घालण्याआधी 1097 (एड्स) किंवा 14446 (व्यसनमुक्ती) या हेल्पलाइनवर फोन करून कुठे काय मिळतं ते विचारून घ्यावं.

पहिल्या दिवशी पूर्ण सकाळ मोकळी ठेवा. डॉक्टर नशेचा इतिहास विचारतात, दंडावरच्या खुणा बघतात, लघवीची तपासणी करतात, संमतिपत्रावर सही घेतात. एचआयव्ही आणि कावीळ बी-सीच्या तपासण्या इथेच उरकून घेतलेल्या बऱ्या. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

मग रोजचं काउंटर. केंद्र चांगलं की वाईट, ते इथे कळतं. सिरप 5 मिग्रॅ प्रति मिली असेल तर 60 मिग्रॅ म्हणजे 12 मिली. नर्स ते मापाच्या सिरिंजने कपात काढते आणि पाणी घालते. समोरच प्यायचं, कप विसळून तेही पाणी प्यायचं, आणि मग नर्स दोन शब्द बोलायला लावते. ही चौकशी आपुलकीचीही असते, पण तोंडात औषध धरून बाहेर नेऊन विकता येऊ नये, हा खरा हेतू. गोळीच्या केंद्रात हेच काम वेळखाऊ होतं: चुरा करून जिभेखाली ठेवायचा आणि विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बाकावर बसायचं. रांग हलण्याच्या बाबतीत सिरप सरस.

धोका पहिल्या दोन आठवड्यांत असतो, आणि नेमकं तेच घरच्यांना सांगायचं राहून जातं. मेथाडोन शरीरातून फार सावकाश उतरतं. कालचं निम्मं आत असताना आजचं पडतं, म्हणून तोच डोस चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जड जातो. सुरुवात 10 ते 30 मिग्रॅवर करायची आणि काही दिवसांच्या अंतराने 5-10 ने वाढवायचं, ते यासाठीच. या काळात संध्याकाळी टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, येतेच: जांभया, नाक गळणं, पोटऱ्यांत गोळे. ती दाबायला कुणी वर दारू घेतली किंवा ‘बटण’, म्हणजे नायट्राझेपाम ही झोपेची गोळी, टाकली, तर झोपेत श्वास मंदावतो. जड घोरणं, ओठ निळे पडणं, हलवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा. नॅलोक्सोनचं इंजेक्शन उतारा आहे, पण त्याचा असर मेथाडोनच्या आधी संपतो, त्यामुळे शुद्ध आली तरी रुग्णालयात थांबावं लागतं.

दुसरं टोक कंजूष डोसचं. बऱ्याच जणांना 60 ते 120 मिग्रॅ लागतं. 30 वरच अडकवून ठेवलेला रुग्ण दुपारी पुन्हा अड्ड्यावर जातो आणि वर ‘मेथाडोन चालत नाही’ असं सांगत फिरतो. डोस पुरतोय का याची खूण सोपी आहे: दुसऱ्या दिवशी केंद्रात येईपर्यंत टर्की नाही, आणि औषध घेतल्यावर तीन तासांनी पेंगही नाही. शंभरच्या वर जाताना मात्र ईसीजी मागून घ्या. त्यातला क्यूटीसी (हृदयाच्या ठोक्यातला एक मोजला जाणारा काळ) 500 मिलिसेकंदांच्या वर असेल तर हृदयाची लय बिघडू शकते.

क्षयाचा उपचार सुरू होताच गाडी अडते. रिफाम्पिसिनमुळे यकृत मेथाडोन भराभर मोडतं, आणि आठवडाभरात छान बसलेला डोस अपुरा पडतो. टीबीचा डॉक्टर वेगळा, ओएसटीचा वेगळा, दोन्ही कार्डं एकमेकांना दाखवायचं कुणी सांगत नाही. तुम्हीच दाखवा. टीबीचा कोर्स संपल्यावर वाढवलेला डोस हळूहळू उतरवायला लागतो, हेही लक्षात ठेवा.

उलटी झाली तर नर्ससमोर झालीय का, याला महत्त्व. पिऊन तास उलटला असेल तर साधारणपणे पुन्हा देत नाहीत. सलग तीन दिवस खाडा झाला तर जुना डोस तसाच देणाऱ्या केंद्रापासून सावध राहा. तो कमी करूनच द्यायला हवा, कारण सवय तेवढ्यात उतरलेली असते. बद्धकोष्ठ मात्र रोजचंच, इसबगोल आणि भरपूर पाणी.

तक्रार आहे ती वेळेची. नाक्यावर मजुरीला उभं राहणाऱ्याला सकाळी आठपर्यंत काम मिळालं तर मिळालं. दहाला उघडणाऱ्या केंद्रासाठी त्याला कामाचा रोजचा खाडा कसा परवडेल? लवकर उघडणारं केंद्र मिळालं तर थोडं लांब असलं तरी तेच धरा.

‘एक नशा सोडून दुसरी’ हा टोमणा ऐकावा लागेल. स्थिर डोसवर किक येत नाही, माणूस कामावर जातो, सुई बंद होते. उपचाराच्या मुदतीचा प्रश्न वर्षांत मोजायचा, आठवड्यांत नाही. गरोदरपणात तर मनाने बंद करायचंच नाही.

गणपतीला कोकणात जायचं असेल तर निदान पंधरा दिवस आधी डॉक्टरांशी बोला. घरी न्यायला डोस मिळेल का, किती दिवसांचा, हे केंद्राच्या नियमांवर ठरतं. मिळालाच तर बाटली कुलपात ठेवा. गोड सरबतासारखं दिसणारं ते औषध घरातल्या लहान मुलाच्या पोटात गेलं तर थोडंसंही जीवघेणं ठरतं.