ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज: औपचारिक शब्दांसाठी खात्रीची साइट

नुसता मराठी प्रतिशब्द पाठ करून औपचारिक इंग्रजी शब्द वापरता येत नाही. तिथे ही मोफत साइट खरी उपयोगी पडते. 'मिटिगेट' (तीव्रता कमी करणे) शोधून पाहा. आधी 'फॉर्मल' ही खूण दिसेल: शब्द अहवालात शोभतो, गप्पांत जड वाटतो. मग रचना पाहा. क्रियापदानंतर थेट कर्म येतं, म्हणून 'मिटिगेट द रिस्क' बरोबर. 'मिटिगेट अगेन्स्ट' ही चूक 'मिलिटेट अगेन्स्ट'शी (एखाद्या गोष्टीच्या आड येणे) होणाऱ्या गोंधळातून येते. उदाहरणं घाईने सोडू नका. दोन-तीन वाचून सोबत येणारी नामं वहीत उतरवा: रिस्क, इफेक्ट, इम्पॅक्ट. ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारही ऐकता येतात. जाहिराती मात्र त्रास देतात, आणि मराठी अर्थ मिळत नाही.