व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री: माळव्याच्या पावसात आणि निमाडच्या उतारावर

जुलै २०१७ मध्ये भारतात आलेली व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री ही स्टेशन वॅगन (मागे लांब छत आणि मोठी डिकी असलेली मोटार) आता नवी मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र ती अधूनमधून दिसते, आणि इंदूरमध्ये ती वापरणाऱ्या आम्हा मोजक्या मंडळींना हमखास एकच प्रश्न विचारला जातो: चारही चाके ओढणारी गाडी पावसाळ्यात खरोखरच अधिक सुरक्षित असते का? माझे उत्तर असे की ही गाडी निःसंशय सुरक्षित आहे, परंतु लोक त्याचे सगळे श्रेय चार चाकांच्या ओढीला देतात, ते तसे नाही.

नेहमीच्या कोरड्या रस्त्यावर इंजिनाची ताकद मुख्यतः पुढच्या चाकांकडे जाते. पुढची चाके घसरू लागली, किंवा उभ्या गाडीला एकदम वेग द्यायचा असला, की मागच्या ॲक्सलजवळ बसवलेला, तेलात बुडालेल्या चकत्यांचा क्लच आवळला जातो आणि ताकदीचा काही वाटा मागे वळतो. हे इतक्या चटकन घडते की चालवणाऱ्याला बहुधा कळतही नाही. सांवेरकडच्या शेतरस्त्यांवर पहिल्या सरींनंतर काळी माती साबणासारखी निसरडी होते, तेव्हा याचे मोल कळते. पुढची दोनच चाके ओढणारी गाडी जिथे जागच्या जागी चाके फिरवत राहते, तिथून ही वॅगन शांतपणे निघून जाते. २१० मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्समुळे चाकोऱ्यांच्या मधला उंचवटाही सहसा खाली लागत नाही. तरीही रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या खाचा एकदा चिकणमातीने बुजल्या, की कोणत्याही प्रकारच्या ओढीचा फारसा उपयोग होत नाही, हे शेतावर नेणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

खरी परीक्षा माळव्याचे पठार संपून निमाडात उतरताना होते. महूमार्गे जाम गेटवरून मंडलेश्वर आणि महेश्वरकडे जाणारा घाट पावसाळ्यात सुंदर दिसतो, आणि त्याच दिवसांत तिथे ओला उतार, धुके, तीव्र वळणे व सहलीला आलेली बेभान वाहने हे सारे एकत्र भेटते. उतारावर गाडी ओढायची नसते, आवरायची असते, आणि ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. त्यामुळे थांबण्याचे अंतर ठरते ते टायर, वेग आणि गाडीचे वजन यांवर. चार चाकांची ओढ ते कमी करत नाही. चढावर मिळालेला विश्वास उतारावर तसाच घेऊन येणारा चालक मला म्हणूनच धोकादायक वाटतो. या गाडीचा आठ गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स हाताने खालच्या गिअरमध्ये ठेवता येतो आणि डिझेल इंजिन वेग चांगला धरून ठेवते. घाटात मी तसेच चालवतो आणि ब्रेक गरजेपुरतेच वापरतो.

मग या घाटात ही गाडी इतकी निर्धास्त का वाटते? माझ्या मते तिच्या बुटकेपणामुळे. तिचा तळ उंच आहे, पण छत आणि बसण्याची जागा मोठ्या एसयूव्हीच्या तुलनेत खालीच राहतात. गुरुत्वमध्य खाली असल्याने वळणात ती कमी झुकते, आणि समोर अचानक काही आले असता एका बाजूला वळवून लगेच परत सरळ करताना तिचा तोल सहज सावरतो. आमच्या परिचयातल्या ज्या कुटुंबांनी उंच एसयूव्ही वापरून मग ही गाडी घेतली, त्यांचे पहिले निरीक्षण हेच असते की मागे बसलेल्या ज्येष्ठांना घाटात मळमळत नाही. स्टिअरिंग हलके आहे. रस्त्याची जाणीव हातात फारशी येत नाही, आणि वेगाची हौस असणाऱ्यांचे तिने समाधान होणार नाही. सुमारे ४.९ मीटर लांबीमुळे इंदूरच्या राजवाडा आणि सराफ्याच्या परिसरात ती नेण्याचा विचारही करू नये. उलट ५६० लिटरच्या डिकीत चार जणांच्या लग्नाचे सामान मावते, आणि तेही मागची काच न झाकता.

सुरक्षेच्या बाबतीत या गाडीच्या कुळाचा लौकिक खरा आहे. तीन बिंदूंचा सीटबेल्ट व्होल्वोनेच १९५९ साली बाजारात आणला आणि त्याचे पेटंट इतर कंपन्यांना खुले ठेवले. एस९० आणि व्ही९० या जोडगाड्यांना युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत ५ तारे मिळाले आहेत. गाडी रस्ता सोडून खाली जाऊ लागल्यास पुढचे पट्टे आपोआप आवळले जातात आणि सीटचा सांगाडा खालून येणारा हादरा शोषून घेतो. कठडे नसलेल्या आपल्या रस्त्यांसाठी ही योजना मला सर्वांत मोलाची वाटते. समोरचे वाहन, पादचारी आणि मोठे प्राणी ओळखून स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणाही तिच्यात आहे, पण प्राण्यांच्या बाबतीत तिची रचना एल्क (थंड प्रदेशातले मोठे सांबर) आणि हरणांसारखी उभी जनावरे डोळ्यांसमोर ठेवून झालेली आहे. श्रावणात कोरड्या डांबरावर रात्री बसून राहणाऱ्या गाईंसाठी आपले डोळे आणि आपलाच वेग यांवर भिस्त ठेवावी. रस्त्यावर पांढरे पट्टे नसतील तर लेन राखणारी मदतही मिळत नाही. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही तर या साऱ्या व्यवस्थेचा मोठा भाग त्यांच्यापुरता निरुपयोगी ठरतो, आणि आपल्या घरांमध्ये आजीला पट्टा लावायला सांगणे अजूनही अवघड जाते. तरीही ते सांगितलेच पाहिजे.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत ना, हे आधी तपासा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या परिघात फरक पडला की मागच्या क्लचवर विनाकारण ताण येतो. शहरातल्या एका टायरवाल्याने मला पुढचे दोनच बदलण्याचा आग्रह केला होता. मी चारही बदलले. त्या क्लचचे तेल कधी बदलले याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत शोधा, आणि नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा.