फिशमील की अळीचं पीठ? चिलापीच्या खाद्यापुरता अनुभव

घरीच खाद्य बनवणाऱ्याचं शेंगपेंड, मका, कोंडा, मिनरल मिक्स्चर इथवरचं गणित जमलेलं असतं. गाडी अडते ती फिशमीलपाशी, म्हणजे माशांच्या भुकटीपाशी. इंदापूर भागात आमची तीन शेततळी आहेत, तिन्हीत चिलापी (तिलापिया मासा). पाच वर्षं फक्त फिशमील घातलं, गेली दोन वर्षं बीएसएफ (ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या) अळीचं पीठही घालतोय.

फिशमीलचं कौतुक आधी करायला हवं. चांगल्या मालात ६० टक्क्यांच्या वर प्रथिनं मिळतात, अमिनो आम्लांचा तोल उत्तम असतो आणि वासावरच मासा खाद्यावर तुटून पडतो. शिवाय त्यात ओमेगा-३ असतं. अळी इथे मागे पडते. तिच्यात चरबी भरपूर असली तरी ती बरीचशी खोबरेलासारखी, लॉरिक आम्लाची. म्हणून पिल्लाची बोटुकली (बोटाएवढा मासा) होईपर्यंत मी आजही फिशमीलच देतो, आणि नवीन माणसालाही तेच सांगेन.

माझं मन फिरलं ते वाळूमुळे. आपल्याला परवडतं ते फिशमील म्हणजे बहुतेक वेळा किनाऱ्यावर उन्हात वाळवलेल्या बारीक मासळीची भुकटी. वाळवताना वाळू चिकटते, आणि काही जण वजनासाठी घालतही असावेत. एकदा पेलेट मशीनची डाय (ज्या भोकांच्या चकतीतून खाद्याचा दाणा निघतो ती) अपेक्षेच्या खूप आधी झिजली. भोकं मोठी झाल्यामुळे दाणा जाड निघायला लागला. शंका आली म्हणून मूठभर भुकटी काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळली. दहा मिनिटांत मासळी वर तरंगत होती आणि तळाला करंगळीच्या पेराएवढा वाळूचा थर बसला होता. त्या वाळूला मी प्रथिनांचा भाव दिला होता! व्यापारी बदलला, तरी गोण्या सारख्या निघेनात. एक बरी, तर दुसरी खारट. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जुना, दमट माल गळ्यात पडतो, हे वेगळंच. त्या दिवसापासून ग्लास आमच्या खाद्याच्या खोलीतच असतो.

अळीच्या पिठाची पहिली गोणी आली तेव्हाही हीच परीक्षा घेतली. तळाशी काहीच बसलं नाही. त्यानंतरच्या गोण्यांतही रंग-वास जवळपास तोच. खाद्य बनवणाऱ्याला हा सारखेपणा किती मोलाचा, हे वेगळं सांगायला नको.

अळीच्या पिठाच्याही कटकटी आहेत. तेल न काढलेलं पीठ घेतलंत तर दाणा ठिसूळ होतो, मशीनमध्ये माल घसरतो आणि उन्हाळ्यात पीठ खवट होतं. त्यामुळे तेल काढलेलंच मागा. त्यात प्रथिनंही जास्त, साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास. भाव मात्र अजून फिशमीलपेक्षा चढा आहे. पण फिशमीलचा भाव तरी आपल्या हातात कुठे आहे? २०२३मध्ये एल निनोमुळे पेरू देशाने अँचोवीचा (फिशमीलसाठी पकडल्या जाणाऱ्या बारीक मासळीचा) मुख्य हंगामच रद्द केला आणि जगभर दर चढले.

अळ्या कशावर वाढवल्या हे विचारल्याशिवाय घेऊ नका. खाद्यातलं कॅडमियम (एक विषारी धातू) त्यांच्या अंगात साठतं. युरोपने २०१७मध्ये मत्स्यखाद्यात कीटकांच्या प्रथिनांना परवानगी दिली, पण शेण किंवा हॉटेलचं खरकटं खाऊन वाढलेल्या अळ्या त्यांना चालत नाहीत. मीही भाजीपाला आणि धान्याच्या कोंड्यावर वाढवलेल्याच घेतो.

बोटुकलीच्या पुढच्या माशाला मी आता निम्मं फिशमील काढून तिथे अळीचं पीठ घालतो. वाढीत मला फरक जाणवला नाही. तुमचं पाणी, तुमचं मत्स्यबीज वेगळं असेल, म्हणून ठाम सांगत नाही. पूर्ण बदल मात्र करू नका. मी एका तळ्यात करून पाहिला तेव्हा मासे खाद्याला उशिरा यायला लागले आणि दाणा कडेला तरंगत राहिला. अळीच्या कवचातल्या कायटिन या चिवट पदार्थामुळे पचनही जड जात असावं. सुरुवात चौथा हिस्सा बदलून, एकाच तळ्यात करा. पहिले तीन-चार दिवस मासे बिचकतात. तेवढे दिवस सकाळचं खाद्य थोडं कमी टाका आणि अर्ध्या तासाने कडेला काय उरलंय ते बघा.