आशाताईंचे प्रशिक्षण: मोबाइलवर की आरोग्य केंद्रात?
वृद्धांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण आशाताईंना मोबाइलवरून द्यावे की प्राथमिक आरोग्य केंद्रात समोरासमोर, असा पेच एका गटप्रवर्तक ताईंपुढे (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंपुढे) आहे. खर्चात मोबाइल सरस ठरतो, कारण प्रवासभत्ता वाचतो आणि गृहभेटी बुडत नाहीत. डेटाचे पैसे कोण देणार, हे मात्र आधी ठरवावे. कौशल्याच्या बाबतीत पारडे फिरते. आशाताई घरोघरी भरून घेतात त्या सीबॅक या आरोग्य-तपासणीच्या फॉर्ममधील, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का, हा प्रश्न सुनेच्या देखत विचारला, की आजी ‘बरं चाललंय’ म्हणून मोकळ्या होतात. त्यांना ओट्यावर बाजूला घेऊन बोलते कसे करावे, हे सरावानेच येते. नवख्या आशांसाठी समोरासमोरचे प्रशिक्षणच निवडावे. अनुभवी आशांच्या उजळणीला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकासारख्या माहितीला मोबाइल पुरतो.