अंगणात लाल पान हवंय: स्वीटगम की बदाम?

कोकणात नवं घर बांधणाऱ्यांकडून अलीकडे एक मागणी हमखास ऐकू येते. आंबा-फणस आहेत, माड-पोफळी आहेत, पण पुढच्या अंगणात एखादं निव्वळ शोभेचं झाड हवं, आणि ते वर्षातून एकदा तरी लालभडक व्हायला हवं. मुलं परदेशात असली तर त्यांनी स्वीटगम ह्या अमेरिकेतल्या झाडाचे फोटो पाठवलेले असतात. रोपवाटिकेत विचारलं तर लिक्विडअंबर या नावाने रोप मिळतंही. दुसरीकडे बांधावर, शाळेच्या पटांगणात, बंदरावर आपला देशी बदाम उभाच असतो, आणि लाल तोही होतो. मी दोन्ही झाडं लावली आणि वाढवली, गुहागरच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्या अनुभवावरून लिहितो आहे. तुमची जागा घाटाजवळ असेल तर पारडं थोडं इकडचं तिकडे होईल, तेही पुढे सांगतो.

आधी स्वीटगमच्या बाजूने, कारण झाड खरोखर देखणं आहे. पाच टोकांचं, ताऱ्यासारखं कातीव पान. चुरगाळलं की राळेचा गोडसर वास हाताला राहतो. ह्याच्याच तुर्कस्तानातल्या भावंडाच्या खोडातून निघणारा राळेसारखा चीक म्हणजे आपल्या वैद्यांचा शिलारस. झाड सरळ, निमुळतं चढतं, फार पसरत नाही. त्यामुळे लहान अंगणाला ते सोयीचं वाटतं, आणि सुरुवातीची काही वर्षं असतंही. पुढे मायदेशात ते २०-३० मीटर होतं, ही गोष्ट रोप घेताना कोणाच्या डोक्यात नसते.

मातीचं म्हणाल तर आपली जांभ्याची तांबडी माती त्याला मानवते. ह्या झाडाला आम्लधर्मी जमीन लागते आणि जांभा तसाच आहे. मात्र अगदी किनाऱ्याच्या पुळणीत, जिथे वाळूत शंख-शिंपल्यांचा चुरा आहे, तिथे गोष्ट वेगळी. चुन्यामुळे लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या वाडीत एकाने आगरात लावलेलं रोप असंच पिवळं होऊन बसलं. जांभ्यावरचं माझं मात्र पहिल्याच पावसाळ्यात तरारून वर आलं.

पाण्याचं गणित मात्र आपल्याकडे उलटं आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात जिथे हे झाड रानात वाढतं, तिथे वर्षाला साधारण १००० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत वाटून पडतो. आपल्याकडे ३००० मिलिमीटरच्या पुढे, पण चार महिन्यांत. नंतर थेट मृगाची वाट. जांभा पाणी धरून ठेवत नाही, म्हणून माघापासून आळ्यात पाणी द्यावंच लागतं. पेंढा किंवा सुक्या झावळ्यांचं जाड आच्छादन घातलं तर तीन-चार दिवसांआड भागतं. त्याचा मला त्रास वाटला नाही. कलमांना पाणी घालतोच, त्यात एक आळं जास्त.

माझं मत ज्याने बदललं ती गोष्ट वेगळीच होती: पान लाल न होता झाडावरच करपून लोंबत राहणं.

स्वीटगमचा तो प्रसिद्ध रंग आपोआप येत नाही. दिवस लहान होत जावा लागतो, दुपारी स्वच्छ ऊन आणि रात्री चांगलाच गारठा लागतो. मग पानातलं हरितद्रव्य ओसरतं, लाल रंग तयार होतो, देठाशी पेशींचा एक थर धरतो आणि पान सुटतं. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. रत्नागिरीला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १८ अंशांच्या आसपास. एवढ्याने ह्या झाडाला हिवाळा आला हे धड कळतच नाही.

त्यात पावसाळाभर नैर्ऋत्येचा खारा वारा पानांच्या कडा भाजून काढतो. गणपतीपर्यंत कडा तपकिरी झालेल्या असतात. मग ऑक्टोबरचं ऊन लागतं आणि ती तपकिरी रेघ बोटभर आत सरकते. दिवाळीनंतर कधीतरी पानाच्या मधोमध थोडी जांभळट छटा येते, आणि वाटतं, आता होईल. होत नाही. एकाच फांदीवर अर्धं हिरवं पान, शेजारी पूर्ण करपलेलं, त्याशेजारी मळकट पिवळं, असं सगळं एकत्र लटकत राहतं. पान गळून गेलं असतं तरी चाललं असतं, उघड्या फांद्यांनाही रूप असतं. पण ते गळतही नाही. पौष जातो, माघ लागतो, सुकं पान फांदीला धरूनच असतं आणि वाऱ्यावर खडखडतं. अखेर फाल्गुनात नवी पालवी फुटते तेव्हा जुनं गळतं. म्हणजे नाताळात मुंबई-पुण्याची माणसं येतात, अंगणात बसायचे सगळ्यात चांगले दिवस असतात, नेमक्या त्या काळात दाराशी करपलेलं झाड. येणारा प्रत्येक जण विचारायचा, ह्याला काय रोग लागलाय? पाणी वाढवून पाहिलं, शेणखत वाढवून पाहिलं, दसऱ्यानंतर नत्र पूर्ण बंद करून पाहिलं. नत्र बंद केल्याने थोडा फरक पडला असं मला वाटतं, पण चिमटीत मावेल इतकाच.

यावर उपाय म्हणून जातिवंत कलमं सुचवली जातात. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत निवडलेल्या ‘पालो आल्टो’, ‘बर्गंडी’ अशा जाती आहेत, त्यांचा रंग बियांच्या रोपांपेक्षा भरवशाचा मानला जातो. फळ न धरणारी, गोलसर पाकळ्यांच्या पानाची ‘रोटुंडिलोबा’ही आहे. पण आपल्या बाजूच्या रोपवाटिकांत मला जे मिळालं ते बियांपासूनचंच रोप होतं, आणि बियांच्या रोपांत रंगाचा भरवसा थंड प्रदेशातही नसतो. शिवाय ‘बर्गंडी’ची ख्यातीच मुळी पान उशिरापर्यंत धरून ठेवण्याची. आपली अडचण तीच आहे. काटेरी, टणक फळांचीही बरीच तक्रार ऐकाल, अनवाणी पायाला ती खुपतात खरी. पण झाड मोठं झाल्याशिवाय ती धरत नाहीत, म्हणून निर्णय घेताना मी त्यांना फारसं वजन देणार नाही.

आता बदाम. ह्या झाडाकडे आपण कधी शोभेचं म्हणून पाहिलंच नाही, कारण ते फुकट उगवतं. पण नीट वाढवलेला बदाम पाहा. खोडातून ठरावीक उंचीवर चहूबाजूंना आडव्या फांद्या, मग मोकळी जागा, मग पुन्हा फांद्या. देवळापुढच्या दीपमाळेसारखे थर. बागकामात आकार देण्यासाठी लोक जी कात्री चालवतात, ती इथे जवळजवळ लागतच नाही.

आणि रंग. बदामाला थंडीची गरज नाही. हवा कोरडी झाली की पौष-माघात पान पिकतं: आधी तांबूस पिवळं, मग शेंदरी, मग गर्द लाल. पान वीतभर मोठं आणि चकचकीत, त्यामुळे सकाळच्या उन्हात मागून प्रकाश आला की शिरांसकट पेटल्यासारखं दिसतं. मुख्य म्हणजे लाल झालेलं पान गळतं. झाडावर लाल, खाली जमिनीवर लाल, आणि काही दिवसांत फांद्यांच्या टोकांना पोपटी कोंब. बऱ्याच झाडांवर वर्षात पुन्हा एकदा, थोड्या प्रमाणात, हा फेरा होतो. खारा वारा त्याला बाधत नाही. फळ समुद्रावर तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्यावर रुजणारं हे झाड, पुळणीतही आनंदाने उभं राहतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या. आमच्याकडे बदामाच्या पानांच्या चिंध्या झाल्या, एक फांदी गेली, आणि त्याच पावसात तो पुन्हा हिरवा झाला. एका झाडावरून नियम सांगू नये, पण मला त्याने धीर दिला.

बदामाचेही उपद्रव आहेत आणि ते लपवणार नाही. पानगळ सुरू झाली की रोज सकाळी झाडावंच लागतं. पान मोठं आणि चामट, पन्हळीत अडकलं की पाणी तुंबून भिंतीवर उतरतं. कौलांवर साचलेलं तर पावसाळ्याआधी काढावंच. दुसरं म्हणजे वटवाघळं. फळं पिकली की रात्री ती येतात, गर खातात आणि आठळी पत्र्यावर टाकतात. झोपमोड होते. खाली गाडी लावत असाल तर टपावर डाग पडतात. तिसरं, पसारा. फांद्या आडव्या जातात, म्हणून घरापासून २५ फूट तरी सोडावेत, विहिरीपासून त्याहून जास्त. सात-आठ गुंठ्यांत घर, पार्किंग आणि विहीर बसवणाऱ्यांना हे परवडेलच असं नाही.

पण झाडलोट हा हाताने सुटणारा त्रास आहे. पानं खड्ड्यात टाकली की वर्षभरात खत होतं. सुकी पानं फायटर मासे पाळणारी मुलं मागून नेतात, पाण्याला चांगली म्हणून. करपलेल्या स्वीटगमचं मात्र माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून पुढच्या अंगणात मी बदाम ठेवला आणि स्वीटगम घराच्या मागे, पूर्वेच्या बाजूला हलवला. तिथे घराची आड असल्याने खारा वारा कमी लागतो आणि पानांच्या कडा पूर्वीपेक्षा बऱ्या राहतात. लाल अजूनही होत नाही. उन्हाळ्यात त्याची हिरवी सावली सुंदर पडते, तेवढ्यासाठी तो आहे.

तुमचं घर आंबोलीकडे किंवा घाटमाथ्याला लागून असेल, रात्री दुलई लागत असेल, तर स्वीटगम जरूर करून पाहा. तिथे वाराही गोडा आणि गारवाही थोडा जास्त. दापोलीचा गारवा मधल्या दर्जाचा. तिथे समुद्रापासून आत, उतारावर जागा असेल तर प्रयोगाला हरकत नसावी, मात्र कलमी रोपच शोधा. खड्डा जांभ्यात तीन फूट लांब-रुंद-खोल घ्या आणि तळ पहारीने फोडून ठेवा, नाहीतर आषाढात त्याचा हौद होतो. लागवड मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर. वाळवीकडे पहिली दोन वर्षं लक्ष असू द्या, सुकं आच्छादन खोडाला टेकू देऊ नका. शेंडा कधी छाटू नका, त्या झाडाचा आकार शेंड्यावरच आहे.

लाल पालवीच हवी असेल आणि थांबायची तयारी असेल, तर तिसरं नाव कोशिंबाचं. फाल्गुन-चैत्रात रानात अख्खं झाड लाल दिसतं ते हेच. वाढ अगदी संथ, म्हणून ह्या तुलनेत धरलं नाही.

बदामासाठी रोप विकत घ्यायची गरज नाही. ज्या झाडाचा लाल रंग तुम्हाला आवडला आहे, त्याच्याच खाली पडलेली ताजी फळं आणा. एकाच रस्त्यावरच्या दोन बदामांत एक शेंदरीवर थांबतो आणि दुसरा गर्द लाल होतो, म्हणून झाड आधी माघात पाहून ठेवलेलं बरं. बीचं रोप आईवर तंतोतंत जाईल असं नाही, तेव्हा चार-पाच पिशव्यांत फळं आडवी पुरा, सावलीत ठेवा, पाणी तुंबू देऊ नका. हातभर झाली की सगळ्यात सरळ शेंड्याचं रोप जमिनीत, बाकीची शेजाऱ्यांना. पहिली काही वर्षं काठीचा आधार द्या, आणि खालचा थर डोक्याच्या वर गेला नाही तर तेवढाच काढा, वरच्याला हात लावू नका.