नवरदेवाची गाडी, बॉनेटवरचा टेपचा गम आणि सात-आठ महिने वापरलेली संत्र्याच्या वासाची बाटली

एप्रिलमध्ये मावसभावाचं लग्न होतं सोलापुरात आणि नवरदेवासाठी आमची गडद निळी गाडी द्यायची ठरली. सजावटवाल्याने फुलांच्या माळा आणि रिबिनी सरळ बॉनेटवर खाकी टेपने चिकटवल्या, मी म्हटलं अहो रंगाचं काय, तर म्हणे काही होत नाही दादा, रोजचं काम आहे. वरात, पूजा, पाहुण्यांची ने-आण या गडबडीत टेप तीन दिवस तशीच राहिली आणि ऊन किती ते सोलापूरकरांना सांगायला नको. चौथ्या दिवशी ओढली तर वरची प्लॅस्टिकची पट्टी हातात आणि गम बॉनेटवर. दोन दिवसांत त्यावर धूळ बसून काळे पट्टे झाले, कार्यालयातून निघालेली गाडी गॅरेजमधून आल्यासारखी दिसायला लागली.

आधी जे प्रताप केले ते सांगतो म्हणजे तुम्ही करू नका. शेजारच्या काकांनी घराच्या रंगकामातलं उरलेलं थिनर दिलं, एक पुसा मारला की साफ म्हणाले. नशीब की आधी मागच्या बंपरच्या कोपऱ्यात लावून बघितलं. गम निघाला पण सोबत चमकही गेली, पांढुरका धब्बा पडला तो आजही आहे. नंतर एका पेंटरने सांगितलं की थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन असले जहाल प्रकार असतात, ते रंगावरचा पारदर्शक कोट मऊ करतात, आणि कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग थोडं तरी सहन करतो पण बाहेर परत मारलेला रंग कच्चा पडतो. माझा बंपर गेल्या वर्षीच ठोकर लागल्यावर रंगवलेला, म्हणजे नेमका तोच सापडला. नेलपॉलिश रिमूव्हरचं पण तेच, बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोनच असतं. आणि ब्लेडने खरवडणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार, तो पारदर्शक कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ, त्यावर काय ब्लेड चालवता.

मग ॲक्सेसरीजच्या दुकानातून स्टिकर रिमूव्हरची बाटली आणली, साडेतीनशेला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या जातीच्या बाटल्यांमध्ये मुख्य माल एकच, लिमोनिन, म्हणजे संत्र्याच्या सालीतलं तेल. पहिल्याच दिवशी वाटलं फसलो. लावलं, लगेच घासलं, तर गम निघायच्या ऐवजी पसरून चौपट जागेत चिकट. चूक माझीच होती, याला वेळ द्यावा लागतो. आता माझी पद्धत अशी की गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे नाहीतर औषध उडून जातं, आधी पाण्याने धूळ धुवायची कारण धुळीसकट घासलं की ओरखडे आलेच, मग टिश्यू पेपर औषधात भिजवून पट्ट्यावर चिकटवून द्यायचा आणि पाच-सात मिनिटं चहा प्यायचा. नंतर बोटाने ढकललं की गमाच्या शेवया निघतात, अगदी हातशेवयांसारख्या, बायको म्हणाली ही उपमा परत देऊ नका. उरलेलं मायक्रोफायबरने. बॉनेटला तीन वेळा करावं लागलं पण खाली रंग जसाच्या तसा. शेवटी शाम्पूने धुणं मस्ट, तेलकट थर राहिला की परत धूळ बसते. आणि वॅक्स. मी आधी वॅक्स मारलं नाही तर पहिल्या पावसात कळलं, सगळीकडे पाण्याचे मोती आणि त्या पट्ट्यांवर पाणी नुसतं पसरलेलं, म्हणजे जुनं वॅक्सही गमासोबत निघालं होतं.

नंतर बाटली कुठे कुठे वापरली सांगतो. काचेवरचं सोसायटीचं पार्किंग स्टिकर, एक नंबर. हायवेच्या कामामुळे दरवाजाखाली उडालेले डांबराचे ठिपके, त्यातही छान. पण दरवाजावरची बिडिंग (बाहेरून चिकटवलेली लांब पट्टी) काढली त्याखालचा फोमवाला डबल टेप, तिथे या बाटलीने हात टेकले. तो ॲक्रेलिक गम असतो, नुसत्या तेलाने ढिम्म हलत नाही. त्याला हेअर ड्रायरने कोमट करून तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) करवतीसारखा खाली फिरवला, फोम कापला गेला आणि मग राहिलेल्या पातळ थरावर हे औषध चाललं, तरी एका दरवाजाला दीड तास गेला. आणि खाली गडद निळी पट्टी दिसली, बाकी दरवाजा उन्हाने फिका! तो चिकटपणा नाही, रंगातलाच फरक आहे, कोणत्याही बाटलीने जाणार नाही, बिडिंग काढायच्या आधी हा विचार करा.

हेडलाइटपासून आणि रबरी पट्ट्यांपासून लांब ठेवा. फ्रिजच्या पॅकिंगच्या थर्मोकोलवर एक थेंब टाकून बघा, बघता बघता खड्डा पडतो, मग प्लॅस्टिकवर का नको ते वेगळं सांगावं लागत नाही. वास सुरुवातीला छान पण बंद पार्किंगमध्ये अर्ध्या तासात डोकं धरतं.

बऱ्याच जणांनी विचारलं की खोबरेल चालत नाही का. चालतं, ताज्या गमावर आणि कागदी स्टिकरवर, फक्त रात्रभर ठेवावं लागतं, आणि थंडीत ते पत्र्यावर गोठून बसतं. डब्ल्यूडी-40 भावाच्या गाडीवर वापरला, तोही पातळ गम काढतो आणि तसा डबा बऱ्याच घरांत असतोच, तो असेल तर वेगळी बाटली आणायची घाई करू नका. माझ्या बाटलीत सात-आठ महिन्यांनी पाव भाग शिल्लक आहे, त्यामुळे मोठी बाटली घेऊन उपयोग नाही, छोटीच घ्या.

डिसेंबरात परत एका लग्नाला गाडी मागितली. या वेळी पेंटरची मास्किंग टेप मीच नेऊन सजावटवाल्याच्या हातात दिली, माळा शक्यतो आरशांना आणि दरवाजाच्या हँडलला बांधायला लावल्या आणि वरात संपल्यावर त्याच रात्री मोबाइलच्या उजेडात सगळी टेप काढली. गमाचा एक डाग नाही. फक्त कोणीतरी वायपरखाली चमकी उधळली होती, ती अजून एसीच्या जाळीतून येते.